नकाशातली जास्तीची सहा घरं

१

प्रफुल्ल भोयरचा कुठल्याही काट्यावर चटकन विश्वास बसत नसे, आणि यात त्याचा दोष नव्हता. पोलादाच्या प्लांटमधल्या इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये बावीस वर्षं गेली होती त्याची. भट्टीवरचं एखादं प्रेशर मीटर उतरून त्याच्या टेबलावर यायचं. तो ते शॉपमधल्या प्रमाण मीटरशेजारी जोडायचा, दहा ठिकाणी दाब देऊन दोन्ही काटे ताडून पाहायचा, किती चुकतंय ते लिहायचा आणि मागे एक पिवळं स्टिकर लावायचा. त्यावर तारीख, सही आणि पुढची तपासणी कधी. घरीही हीच खोड. त्याची बायको हर्षा म्हणायची, "यायले ताप आला त आधी थर्मामीटर तपासतीन, मंग अंग पाहातीन."

आणि अशा माणसाच्या बापानं घरचा रस्ता विसरावा!

केवलराम भोयर शहात्तर वर्षांचे. मूळचे भंडाऱ्याकडचे, शेतकऱ्याचे पोर. विशीत प्लांटात लागले, रोलिंग मिलमध्ये जन्म काढला, आणि रिटायर झाल्यावर सेक्टर सहातलं प्लांटचं क्वार्टर सोडून कोहक्यात स्वतःच्या घरात आले. रोज सकाळी साडेनऊला काळी मोटारसायकल काढायची, सुपेल्यावरून, रेल्वेच्या अंडरब्रिजखालून सिविक सेंटरला जायचं, तिथे दोस्तांबरोबर एक चहा, एक पेपर, चार शिव्या, आणि बरोबर बारा पंचवीसला घराच्या फाटकाशी दोनदा हॉर्न. हॉर्न ऐकला की सिंधुताई, म्हणजे प्रफुल्लची आई, चुलीवर तवा ठेवायची. गॅस आला तरी ती त्याला चूलच म्हणे. घड्याळाकडे पाहायची तिला कधी गरज पडली नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी हॉर्न वाजलाच नाही. केवलराम जुन्या क्वार्टरवर गेले होते. वऱ्हांड्यात चप्पल काढून बसले आणि आतल्या तेलुगू बाईला म्हणाले, "पाणी आण वं." बाई भली. तिनं पाणी दिलं आणि फोन केला. घरात हसून हसून पोटं दुखली, कारण हा पराक्रम त्यांचा दुसऱ्यांदा होता. लग्न झालं त्या वर्षी पहिल्या शिफ्टवरून येताना केवलराम स्ट्रीट अकराऐवजी बारात शिरले होते. टाउनशिपमधली क्वार्टरं सगळी एका साच्यातली. तोच नंबर, तोच दरवाजा. पाय धुतले, पाटावर बसले, आणि पदर ओढलेल्या कुणा नव्या सुनेनं वाढलेलं पोटभर जेवून उठले. हात धुताना भिंतीवरचं कॅलेंडर निराळं दिसलं तेव्हा कुठे उजेड पडला. पळत घरी आले आणि बायकोच्या धाकानं पुन्हा जेवले. भोयरांच्या घरचं लग्न असो की बारसं, ही गोष्ट निघाल्याशिवाय पंगत उठत नसे.

दिवाळीआधी ते पुन्हा चुकले तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. कुम्हारीच्या पुढे, हायवेच्या कडेला, पेट्रोल संपलेल्या गाडीवर केवलराम तीन तास बसून होते. गोंदियाहून प्रफुल्लची बहीण वंदना फोनवर रडली. "दादा, गाडीची चावी काढून घे. आता चुकले त बाबा सापडनार नाईत."

केवलरामनं ते ऐकलं. "चावी घेतली त मले खाटेवर नेऊन टाका," ते शांतपणे म्हणाले. "मंग म्या उठनार नाई."

आणि हा म्हातारा बोलला तसं करणाऱ्यातला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चावी घेतली तर बाप खाटेला लागणार, नाही घेतली तर एखाद दिवशी घरी येणारच नाही. प्रफुल्लची तिथेच झोप उडाली.

२

मोबाइल केवलरामच्या हाती टिकत नसे. एकदा तो तांदळाच्या डब्यात सापडला, एकदा धुण्याच्या बादलीत. तेव्हा शॉपमधल्या चंदननं आपलं जुनं यंत्र दिलं. हा चंदन सुटीच्या दिवशी बुलेटवर डोंगर हिंडणारा गडी. यंत्र मोटारसायकलच्या हँडलवर स्क्रूनं बसायचं. तळहाताएवढं, पाण्याला न भिणारं, उन्हातही पडदा दिसणारं. बाजूला घराचं चित्र असलेलं एक मोठं बटण. ते दाबलं की आतली बाई हिंदीत रस्ता सांगायची. केवलरामला ती फार आवडली. म्हणाले, "तुह्या मायपेक्षा बरी हाय, एकच गोष्ट दोनदा सांगत नाई."

पण यंत्र म्हणजे नुसतं डबडं. त्यात नकाशा कोणता घालायचा, तो खरा प्रश्न. प्रफुल्लनं तो आपल्या पद्धतीनं सोडवायला घेतला. दहा ठिकाणं ठरवली. घराचं फाटक, गल्लीतला हँडपंप, शीतला मातेचा चबुतरा, सुपेल्याचा चौक, अंडरब्रिजचं तोंड, असं करत सिविक सेंटरच्या स्कूटर स्टँडपर्यंत. प्रत्येक ठिकाणी उभं राहायचं, नकाशा आपल्याला कुठे दाखवतो ते पाहायचं, आणि टेपनं फरक मोजायचा. लोक पाहून राहिले होते. शेजारचे दौलतराव म्हणाले, "प्लाट पाडून राहिला का बाप्पा?"

पहिला नकाशा यंत्राबरोबरच आलेला. हायवेचा राजा, पण कोहक्यात शिरला की आंधळा. एवढ्या वर्षांची वस्ती, तिथे त्यात नुसता पांढरा कागद. घराचं बटण दाबून प्रफुल्ल निघाला तर यंत्रातली बाई त्याला तळ्याच्या काठाशी घेऊन गेली आणि आनंदानं म्हणाली, "आप अपने घर पहुँच चुके हैं." केवलरामला पोहता येत नव्हतं.

दुसऱ्यात गल्ल्या होत्या, पण सगळ्याच्या सगळ्या तीस मीटर पूर्वेला सरकलेल्या. चादर पलंगावर तिरकी पडावी तसा अख्खा नकाशा जमिनीवर तिरका पडला होता. त्या हिशेबानं भोयरांचं घर दौलतरावांच्या गोठ्यात येत होतं.

तिसरा चंदननंच आणला. "भैया, ये डाल के देख. फोकट का है, लेकिन पक्का है. हमारे ग्रुप में किसी ने डाला था." कोणी काढला, कधी काढला, कुठेही नाव नाही.

तिसरा नकाशा घालून प्रफुल्ल दहाही ठिकाणी फिरला आणि थक्क झाला. हँडपंप हँडपंपावर होता. चबुतरा चबुतऱ्यावर होता. फाटकाशी उभं राहिलं की पडद्यावरचा बाण फाटकाच्या कडीवर. दहा ठिकाणी दहा वेळा टेप लावला आणि वहीत दहा वेळा शून्य लिहिलं.

आता, ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते शेषराव फोरमन एक गोष्ट घोकून घेत असत. "मीटर थोडं चुकते, हे चांगलं लक्षन हाय. दहाही ठिकानी झीरो येऊन राहिला त समज का काटा अडकला हाय. काच ठोकून पाहाय." हे प्रफुल्लला आठवलं, अगदी शेषरावांच्या आवाजात आठवलं. पण बापाचा प्रश्न होता, आणि शून्य पाहून त्याला बरं वाटलं होतं. त्यानं यंत्राच्या मागे पिवळं स्टिकर लावलं, तारीख घातली, सही केली. पुढच्या तपासणीची जागा कोरी ठेवली, पुढची तपासणी लागेल असं त्याला वाटलं नाही.

एकच गोष्ट खटकली. भोयरांचं घर गल्लीतलं शेवटचं, सहावं. त्यापुढे बंद पडलेल्या राइस मिलची उंच भिंत, आणि गल्ली संपली. नकाशात मात्र गल्ली भिंतीतून पुढे गेली होती, डावीकडे वळली होती, आणि तिथे आणखी सहा घरं होती. याच सहा घरांसारखी, फक्त उलट्या क्रमानं. कोणी तरी काढताना एकच तुकडा दोनदा चिकटवला, असं त्यानं ठरवलं. फुकटात मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात.

३

महिनाभर दृष्ट लागावी असं चाललं. बारा पंचवीसला हॉर्न, तव्यावर पोळी, पाटावर बाप. वंदनानं फोनवर भावाचं तोंड भरून कौतुक केलं.

मग हर्षा एका संध्याकाळी म्हणाली, "मामाजी जेवून नाई राहिले आजकाल. ताटावर बसतात अन् चिवडून उठतात."

मामाजी म्हणजे तिचे सासरे. प्रफुल्लनं विचारलं तर केवलराम बुचकळ्यात पडले. "जेवलो ना म्या आत्ताच. कितीदा जेवू?"

कुम्हारीच्या प्रकारानंतर दाखवलं तेव्हा डॉक्टरनं सांगितलंच होतं, जेवण-खाण विसरतील, तारीख-वार विसरतील. प्रफुल्लनं मान डोलावली. पण बापाच्या बोटांना पिवळा वास होता, ओल्या हळदीचा आणि पोपटीच्या शेंगांच्या भाजीचा. हर्षाला पोपटी आवडत नाही. या घरात ती दोन वर्षांत शिजली नव्हती.

मग चौकड्याचा शर्ट. त्याची दुसरी गुंडी तुटली होती. हर्षा आज लावते, उद्या लावते करत राहिली, आणि एका दुपारी ती लागलेली दिसली. लाल दोऱ्यानं. बाकी गुंड्या पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेल्या, ही एकटी लाल.

"आई, तू लावली?"

"मले सुईत दोरा दिसते का?" सिंधुताई म्हणाली.

"मंग बाबांनी सिविक सेंटरले कोनाकडून लावून घेतली असन," प्रफुल्ल म्हणाला. 

हे यंत्र दिवसभरात गाडी कुठून कुठे गेली त्याची रेघ आपल्या पोटात ठेवतं. प्रफुल्लनं रविवारी ते लॅपटॉपला जोडलं आणि महिनाभराच्या रेघा काढून पाहिल्या. सगळ्या सारख्या. सिविक सेंटरवरून निघाले अकरा दहाला. अंडरब्रिज, सुपेला, कोहका. घरी पोचले, अकरा चाळीस. तिथे गाडी पंचेचाळीस मिनिटं उभी. मग पुन्हा सुरू, एकशे दहा मीटर चालली, आणि घरी पोचले. बारा पंचवीस.

रोज. तो माणूस रोज दोनदा घरी पोचत होता.

४

प्रफुल्ल आधी हसला. उभं यंत्र उन्हात भरकटतं, उपग्रहाचे कान पिळले जातात, असं काहीबाही त्यानं हर्षाला समजावलं. हर्षा म्हणाली, "तुमाले समजत असन त ठीक हाय."

मग त्यानं त्या पंचेचाळीस मिनिटांची रेघ मोठी करून पाहिली. ती एका जागी उभी नव्हती. चालण्याच्या वेगानं ती भिंतीपलीकडच्या, नकाशातल्या जास्तीच्या सहा घरांपैकी एकाच्या फाटकातून आत गेली होती, अंगणात नळापाशी थांबली होती, वऱ्हांडा चढून घरात शिरली होती आणि स्वयंपाकघराच्या जागी अर्धा तास टेकली होती. हँडलला चार स्क्रूंनी बसवलेलं यंत्र. स्वयंपाकघरात काय करत होतं ते?

आणखी एक होतं. भोयरांच्या घरात शिरलं की नळ डाव्या हाताला, स्वयंपाकघर डाव्या हाताला. रेघ नळाला आणि स्वयंपाकघराला, दोन्ही ठिकाणी उजवीकडे वळली होती.

दुसऱ्या दिवशी त्याची दुपारची शिफ्ट होती. अकरा वाजता तो राइस मिलच्या भिंतीशी गेला, विटांच्या खाचेत पाय देऊन वर चढला आणि पलीकडे पाहिलं. भुशाचे जुने ढीग, बेशरमाची झुडपं, गंजलेला पत्रा. घर एकही नाही. गल्लीही नाही. तो खाली उतरला, आणि उतरता उतरता जे शेषराव सांगत ते त्यानं आता केलं. भिंत ठोकून पाहिली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

अकरा चाळीस झाले असतील. त्यानं कान लावला. भिंत उन्हानं तापली होती. पलीकडे, अगदी जवळ, नळ सोडल्याचा आवाज आला. कोणी पाय धुतले. टाचेवर टाच घासून, आधी एक, मग दुसरा. असे पाय धुणारा एक माणूस त्याला माहीत होता. मग पाट सरकला, फरशीवर स्टीलचं ताट आलं, आणि एक बाई हलकेच म्हणाली, "आनखी घ्या ना जी."

घरच्या स्वयंपाकघराचा आवाज भिंतीवर आपटून येत असेल, हा विचार त्याला सुचला, आणि सुचला म्हणून त्याला फार बरं वाटलं. तो झपाझप घरी आला. स्वयंपाकघर रिकामं होतं. गॅस बंद. हर्षा गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती आणि आई पलंगावर पडून होती.  ओट्याला हात टेकून तो बारा पंचवीसपर्यंत तसाच उभा राहिला. तेव्हा दोनदा हॉर्न वाजला आणि बाप घरात आला, मिशीला पाणी लागलेलं.

५

आईला सांगू नये असं त्याच्या मनात होतं, पण बुधवारी सकाळी तिनंच विषय काढला. ती लसूण सोलत होती.

"तुये बाबा दुसरीकडं जेवून राहिले, नाई का?"

"असं कावून म्हणतेस?"

"पन्नास वर्सं वाढलं म्या त्यायले. भरल्या पोटाचा मानूस समजते मले."

प्रफुल्लनं गडबडीनं ती जुनी गोष्ट काढली, हसायला म्हणून. स्ट्रीट बाराची, कॅलेंडरची. सिंधुताई हसली नाही. लसणाची पाकळी तिच्या बोटात तशीच राहिली.

"त्या दिवसाचं अर्धंच सांगतलं म्या सगळ्यायले," ती म्हणाली. "तुये बाबा पळत आले, हे खरं हाय. पन त्याच्या आधी एक मानूस आपल्या घरी येऊन जेवून गेल्ता."

"कोन मानूस?"

"मले काय माहीत? म्या नवी होती. डोईवर पदर, मान खाली. पाय धुतले, पाटावर बसला, म्या वाढलं. मले वाटलं हेच हायेत. तसेच पाय, तसाच खोकला. जेवला अन् हात धुवायले गेला त तिकडचा तिकडं गेला. घडीभरानं हे आले, म्हने मले भूक नाई." तिनं पाकळी सोलून वाटीत टाकली. "लाजेनं कोनाले बोलली नाई. लोक काय म्हनतीन? अन् खरं सांगू का, दोघायच्यातले कोनते आपले, हे मले लय दिवस समजतच नव्हतं."

"आई!"

"मंग समजलं," सिंधुताई म्हणाली. "सवयीनं समजते."

प्रफुल्ल त्या रात्री लॅपटॉप घेऊन बसला. दुसरा, तीस मीटर सरकलेला नकाशा त्यानं उघडला आणि एकेक गल्ली ओढून जागेवर आणली. सकाळपर्यंत तो झाला. चूक दोन-तीन मीटरची राहिली. तेवढी चूक त्याला पाहिजेच होती.

६

गुरुवारी त्याची सुटी. तो आंघोळीला गेला तेवढ्यात केवलराम गाडी घेऊन निघून गेले. त्यांना थांबवता आलं नाही. ठीक, आले की लगेच नकाशा बदलू. अकरापासून प्रफुल्ल फाटकाशी उभा राहिला, लॅपटॉप वऱ्हांड्यात उघडा ठेवून. आज बाप नजरेसमोरून भिंतीकडे वळला तर हँडल धरून थांबवायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

अकरा चाळीसला गाडी आली. हँडपंपाशी हळू झाली, सरळ फाटकाशी येऊन थांबली, आणि दोनदा हॉर्न वाजला.

प्रफुल्लच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीकडे नाही, तिकडे नाही, बाप थेट घरी आला होता! "आज लवकर आले बाबा?"

"लवकर कायचं? रोजचाच टाइम हाय," म्हातारा म्हणाला आणि हेल्मेट काढून केस सारखे करू लागला.

प्रफुल्लनं वेळ घालवला नाही. चार स्क्रू काढले, यंत्र लॅपटॉपला जोडलं, तो फुकटचा नकाशा शोधला आणि पुसून टाकला. खरंच पुसायचं का, असं लॅपटॉपनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं हो म्हटलं. मग आपला दुरुस्त केलेला नकाशा भरला. तीन मिनिटांचं काम. यंत्र परत बसवायला उलटं केलं तेव्हा पिवळं स्टिकर दिसलं. अक्षर त्याचं, सही त्याची. पुढच्या तपासणीची जागा त्यानं कोरी सोडली होती. तिथे आजची तारीख होती. तीही त्याच्याच अक्षरात.

तो स्टिकरकडे पाहत राहिला. अंगणात पाण्याचा आवाज आला नाही म्हणून त्यानं मान वर केली.

म्हातारा अंगणाच्या उजव्या कोपऱ्यात उभा होता, जिथे नुसती भिंत होती. नळ धरायला त्यानं हात पुढे केला होता. हात हवेत थोडा फिरला. मग त्यानं इकडे-तिकडे पाहिलं, डावीकडचा नळ दिसला, आणि ओशाळं हसून तिकडे गेला. टाचेवर टाच घासून पाय धुतले. वऱ्हांडा चढला. दारातून आत शिरला आणि उजवीकडे वळून कपाटावर आदळला.

चौकड्याच्या शर्टाच्या सगळ्या गुंड्या पांढऱ्या दोऱ्याच्या होत्या.

७

प्रफुल्ल घाबरला.  सेकंदभर वाटलं, गुंडी हर्षानं पुन्हा लावली असेल, दोरा बदलला असेल. पण हर्षा दारात उभी होती आणि तीही त्याच गुंडीकडे पाहत होती.

सिंधुताई मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आली, पाटावर बसणाऱ्या माणसाकडे तिनं एकदाच पाहिलं, आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला. नवऱ्यापुढे असा पदर घेताना प्रफुल्लनं तिला जन्मात पाहिलं नव्हतं.

"वाढ," ती हर्षाला म्हणाली.

"आत्याबाई, हे..."

"वाढ म्हन्लं ना. तिकडच्या बाईनं माह्या मानसाले एक दिवस उपाशी नाई धाडलं."

म्हातारा जेवला. मान खाली घालून, परक्या घरी जेवावं तसा. दोन पोळ्यांनंतर ताटावर हात आडवा धरून म्हणाला, "पुरे बाई." जेवता जेवता तो एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून थांबला, आणि मग खालीच पाहत राहिला.

बारा पंचवीसला हॉर्न वाजला. दोनदा.

प्रफुल्ल धावला. आवाज फाटकाशी नव्हता. राइस मिलच्या भिंतीतून येत होता. इंजिन चालू होतं, हे तो शपथेवर सांगेल. पंचवीस वर्षांच्या त्या इंजिनची खरखर त्याला ठाऊक होती. कोणी तरी गाडी भिंतीपर्यंत आणत होतं, थांबत होतं, वळवून पुन्हा आणत होतं, काल होता तो रस्ता आज सापडत नसल्यासारखं. "बाबा!" प्रफुल्ल ओरडला. "बाबा, इकडं! म्या इथं हाय!" आणि भिंतीवर दोन्ही हातांनी ठोकू लागला. पलीकडेही कोणी ठोकत होतं. बापाचा हात नव्हता तो. प्रफुल्ल थांबला की ते थांबायचं, त्यानं ठोकलं की तिकडे ठोकलं जायचं. वर चढून पाहिलं तर भुसा, बेशरम, पत्रा.

नकाशा परत घालावा म्हणून त्यानं तिथूनच चंदनला फोन लावला. चंदन म्हणाला, "कौन सा वाला, भैया? ग्रुप में तो ऐसा कुछ आया ही नहीं."

तो अंगणात परतला तेव्हा म्हातारा हात पुसत बाहेर येत होता. त्यानं सिंधुताईला लवून नमस्कार केला. "लय झालं बाई. निघतो आता. घरी वाट पाहून राहिले असतीन." त्यानं यंत्र आपल्या हातानं हँडलवर बसवलं, गाडीवर बसला, दोन्ही पाय जमिनीला टेकवून घराचं बटण दाबलं आणि रस्ता सांगेल म्हणून वाट पाहत राहिला.

"आप अपने घर पहुँच चुके हैं," यंत्रातली बाई म्हणाली.

त्यानं पुन्हा दाबलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. म्हाताऱ्यानं मान वर करून प्रफुल्लकडे पाहिलं. रस्ता विचारणाऱ्या माणसाची ती नजर होती, अदबीची, थोडी लाजलेली. "बेटा, तुले माहीत असन. सांगतो का?"

कोहक्यातली गल्ली न् गल्ली प्रफुल्लनं टेपनं मोजली होती. हा रस्ता त्याच्या वहीत नव्हता.

भिंतीपलीकडे हॉर्न पुन्हा वाजला, दोनदा, थोडा लांबून. सिंधुताईनं तिकडे कान दिला. मग डोक्यावरचा पदर मागे सारून ती आत वळली.

"हर्षा," ती म्हणाली, "तवा उतरवू नोको."